कुठल्या स्टँडला लागणार?

नाना कोणतीही वस्तू आधी वाजवतात, मग बघतात. नारळ आपण सगळेच वाजवतो, माठ वाजवतो. नाना मोसंबी वाजवतात. जालन्यात मोसंबीला तोटा नाही आणि मोसंबीवाल्यांना नाना नवे नाहीत, तरी गाडीवर अधूनमधून एखादा नवा पोरगा असतो आणि म्हणतो, "काका, कलिंगड नाही हे." नाना मधल्या बोटाचं पेर वाकवून आणखी दोनदा टकटक करतात, कान जवळ नेतात आणि "आत भेग आहे" असं म्हणून ती मोसंबी बाजूला ठेवतात. मोसंबीच्या आत भेगाच असतात, त्यांना फोडी म्हणतात, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की अर्धा तास मोडतो.

नाना आमच्या मिलचे रोल मिस्त्री. 'जालना, सोने का पालना' ही म्हण फार जुनी. आताच्या पाळण्यात बियाणं आणि सळई ही जुळी भावंडं निजतात. बियाण्याकडचे लोक पावसाची वाट बघतात. सळईकडचे लोक पाऊस आला की बांधकामं थांबतात म्हणून कपाळाला हात लावतात. नाना मात्र बारा महिने पाण्याचीच चौकशी करत असतात. सकाळी मिल सुरू होण्याआधी शेडच्या दारातूनच त्यांची आरोळी येते, "पानी छोडा क्या रे?" आमची पोरं बिहार आणि उत्तर प्रदेशची, त्यामुळे मिलमधले नाना हिंदीत असतात. घरी मराठीत येतात. झोपेत कुठल्या भाषेत असतात ते काकू सांगतात. ते पुढे येईल.

बाहेरच्या माणसाला मिल सांगायची तर उसाचा चरक डोळ्यांपुढे आणावा. वीतभराहून कमी जाडीचं, पण लांबीला माणसाहून मोठं असं चौकोनी बिलेट भट्टीत १,१०० ते १,२०० अंशांपर्यंत तापवायचं आणि एकामागून एक मांडलेल्या स्टँडांतून काढायचं. प्रत्येक स्टँडात वर-खाली फिरणारे दोन लोखंडी दंडगोल, म्हणजे रोल. त्यांच्या अंगावर कोरलेल्या खाचा, म्हणजे पास. प्रत्येक खाचेतून माल थोडा बारीक होतो, थोडा लांब होतो, आणि शेवटच्या खाचेतून बरगड्या उमटलेली सळई होऊन सापासारखी सळसळत बाहेर पडते आणि कूलिंग बेडवर निवत पडते. मिलमध्ये बाकी सगळं दुरुस्त होतं. रोल तुटला की मात्र सगळे गप्प होतात. मयताला जमावं तशी माणसं जमतात आणि नानांची वाट बघतात.

मी परचेसला. बी.कॉम. झालो तेव्हा रोल म्हणजे हजेरीचा रोल नंबर एवढंच मला ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तीन कोटेशनं मागवली, किलोचा भाव ज्याचा सर्वांत कमी त्यावर गोल केला आणि सहीसाठी रोल शॉपमध्ये गेलो.

"नाना, हा रोल चांगला आहे का?"

"कुठल्या स्टँडला लागणार?"

"नाही, पण तसा चांगला आहे का?"

"तसा म्हणजे कसा?" नाना चष्म्यावरून म्हणाले. "तसा कोणीच चांगला नसतो."

त्या दिवशी मी जेवलो नाही, नाना समजावत बसले. पहिल्या स्टँडांत, म्हणजे रफिंगला, बिलेट येतं ते लालभडक आणि दांडगं. वेग कमी, त्यामुळे तापलेला माल रोलाला जास्त वेळ चिकटून राहतो, आणि त्याच रोलाच्या अंगावर पाण्याची धार पडत असते. प्रत्येक फेऱ्याला भाजायचं आणि निवायचं. अशानं आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगांचं जाळं रोलावर पडतं, त्यांना फायर क्रॅक म्हणतात. वर दाब असा की भल्या जाड रोलालाही वाक येतो. तिथे कडक रोल लावला की त्यातली एखादी भेग सरळ आत धावते. म्हणून तिथे चिवट हवा: स्टील बेस, अॅडमाइट, नाहीतर बेताच्या कडकपणाचा एसजी. झिजेल, पण तुटणार नाही. शेवटी, फिनिशिंगला, माल बारीक झालेला असतो आणि वेग भन्नाट. तिथे मार बसत नाही, घासलं जातं. खाच केसभर रुंदावली की सळई वजनाला जड भरते, बरगड्या पुसट उमटतात, आणि आयएस १७८६ घेऊन कोणीतरी दारात उभं राहतं. तिथे कडक हवा.

"मग कडकही आणि चिवटही असा एकच घ्यावा की," मी म्हणालो.

"असा जावई पाहिजे म्हणून अर्धं जालना हिंडलंय," नाना म्हणाले आणि माझं कोटेशन परत दिलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'किलोचा भाव भंगार विकताना बघावा. घेताना टनाचा बघावा.' म्हणजे तो रोल तुटेपर्यंत किंवा झिजून संपेपर्यंत किती टन माल काढतो, मध्ये किती वेळा उतरवून लेथवर चढवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात मिल किती तास उभी राहते. हे गणित मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकायला मला तीन तुटलेले रोल लागले. तिन्ही मीच स्वस्तात घेतलेले होते.

रोलाच्या धातूबद्दल मला जे काही कळतं ते नानांच्या घरी, एकादशीला, साबुदाण्याच्या खिचडीवर कळलं. रोल पुष्कळदा बिडाचे असतात. बीड म्हणजे शेजारचा जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. हा विनोद नाना प्रत्येक नवीन माणसापुढे करतात आणि त्यावर स्वतः हसत नाहीत. बिडात कार्बन जास्त. तो जादाचा कार्बन ओतल्यावर वेगळा होऊन बसतो, पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट होऊन. साध्या बिडात तो चपटा पसरतो. "पोह्यासारखा," नाना म्हणाले. "आणि एकेक पोहा म्हणजे आतून दिलेली एकेक चीर. म्हणून साधं बीड घणाच्या एका घावात फुटतं. पण रस ओतायच्या आधी त्यात थोडं मॅग्नेशियम घातलं, की भप्पकन पांढरा उजेड पडतो आणि तोच कार्बन गोळ्या धरतो." त्यांनी ताटातला एक साबुदाणा चिमटीत धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. "हा असा. एसजी म्हणतात तो हाच. चीर नाही, टोक नाही. फुटायला जागाच नाही. १९४८ पर्यंत जगाला हे माहीत नव्हतं. त्याआधीचे बिडाचे सगळे रोल पोहेवाले."

काकू आतून म्हणाल्या, "पोहे पाहिजे होते तर आधी सांगायचं. एकादशीला खिचडीच असते."

चिल्ड रोलाचा पाठ ताकाच्या वाटीवर झाला. लोखंडी साच्यात ओतलेल्या रसाचा बाहेरचा थर झटकन निवतो. कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशीच बांधला जातो आणि बाहेरून पांढरा, काचेसारखा कडक थर बनतो. आतलं सावकाश निवतं, करडं आणि नरम राहतं. क्लिअर चिलमध्ये ह्या दोघांमधली हद्द शेताच्या बांधासारखी स्पष्ट असते, म्हणून त्यात खोल खाच पाडता येत नाही. खाचेचा तळ बांधापलीकडे नरम रानात जातो. इनडेफिनिट चिलमध्ये निकेल-क्रोमियमच्या मदतीनं कडकपणा हळूहळू उतरत जातो, बांध कुठे आहे ते दिसत नाही.

आता हे ज्ञान नानांनी रोलापुरतं ठेवलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण नानांच्या मते जगात माणसं कमी आणि रोल जास्त आहेत. आमच्या गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर क्लिअर चिल: वरून छडी, पण बोटभर आत गेलं की नातवाला पाठीवर घेऊन घोडा होणारे. ज्यांच्या सहीसाठी मी चार महिने खेटे घातले ते एका कार्यालयातले साहेब इनडेफिनिट: किती आत गेलं म्हणजे नरम लागेल ते सांगताच येत नाही. मी कोण, असं एकदा विचारलं. नानांनी माझ्या खांद्यावर टकटक केली आणि म्हणाले, "तू अजून ओतला गेला नाहीस."

त्यांच्या पुतणीला पाहायला पुण्याहून मुलगा आला, सॉफ्टवेअरमधला, पगार चांगला, बोलणं गोड. सगळ्यांना पसंत. नानांनी त्याला पाण्याचा पेला दिला, जरा निरखलं आणि विचारलं, "तुम्ही रागावता का?" मुलगा म्हणाला, "कधीच नाही." तो गेल्यावर नानांनी निकाल दिला: "मुलगा फिनिशिंगचा आहे. पुण्यात दोघांचाच संसार असेल तर सळईसारखी सळई काढेल. पण आपल्या एकत्र कुटुंबात आणला तर पहिल्याच बिलेटला तडकेल." लग्न झालं, दोघं जर्मनीला गेली, सुखात आहेत. नाना म्हणतात, "म्हणलंच होतं." काय म्हटलं होतं ते मात्र आता घरात कोणी काढत नाही.

नवरा-बायकोबद्दलही त्यांचं एक मत आहे, आणि ते खुद्द स्टँडातूनच आलेलं आहे. जोडीचे दोन्ही रोल कडकपणानं सारखे लागतात. एक नरम असला की झीज सगळी त्याच्याच वाट्याला येते. पण घेरानं मात्र वरचा रोल केसभर मोठा ठेवायचा, म्हणजे तो अंमळ वेगानं फिरतो आणि माल मान खाली घालून बाहेर पडतो. नाहीतर उसळून वर जातो. "आमच्या घरी वरचा रोल ही," असं सांगून नाना स्वयंपाकघराकडे बोट करतात. माल कोण, हे विचारायची गरज पडत नाही.

नानांबरोबर रस्त्यानं जाणं हे वेगळंच प्रकरण आहे. एकदा आम्ही छत्रपती संभाजीनगरहून परत येताना एका रसवंतीवर थांबलो. उन्हाळा, घुंगरांचा आवाज, लिंबू-आल्याचा वास. मी बाकावर बसलो. नाना थेट यंत्राच्या मागे गेले. पोरगा उसाचा जाड बुंधा आत सारत होता आणि चरक तो धरत नव्हता. रोल नुसता फिरतोय, ऊस दाराशी उभा.

"धरत नाही ना?" नानांचे डोळे चमकले. "कोन जास्त, घर्षण कमी. आमच्याकडे बिलेट असंच नाटक करतं. रोल गुळगुळीत झालाय तुझा. खरवड पाड. जात्याला टाकी लावतात तशी. आम्ही रफिंगच्या रोलाला लावतो."

मग त्यांनी यंत्र थांबवायला लावलं. सहा गिऱ्हाइकं पेल्यांकडे बघत उभी. नानांनी चरकाच्या दात्यांवरून नख फिरवलं, पेरानं टकटक केली, वंगणाकडे बघून जीभ चुकचुकली आणि गंभीरपणे विचारलं, "टर्निंग कधी केलं होतं?"

पोरगा घाबरला. आतून मालक आला, हात जोडून म्हणाला, "साहेब, अन्न-औषधवाले का?" आणि आमच्यापुढे दोन मोठे पेले आले, बिनपैशांचे. नानांनी गैरसमज दूर करायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी त्यांनी सुरुवात हेन्री कॉर्टपासून केली. १७८३ साली, म्हणजे सालबाईच्या तहाच्या पुढच्या वर्षी, ह्या इंग्रज माणसानं खाचा पाडलेल्या रोलांचं पेटंट घेतलं आणि लोखंडाच्या कांबी ठोकून काढण्याऐवजी पिळून काढायची वाट मोकळी झाली. आणि तोच पुढे भागीदाराच्या बापानं केलेल्या सरकारी पैशाच्या अफरातफरीत धुळीला मिळाला. "रोल चांगला होता," नाना रसाचा घोट घेत म्हणाले, "भागीदारी मिसरोल झाली." मालकानं 'अफरातफर' आणि 'सरकारी' एवढेच शब्द ऐकले. त्यानं तिसरा पेला भरला.

आता आमचे मालक शेठजी यांची गोष्ट. ही मिलमध्ये अजून हळू आवाजात सांगतात.

शेठजी मुंबईला एका प्रदर्शनाला गेले आणि येताना चकचकीत कागदाचं एक पुस्तक घेऊन आले. नानांना केबिनमध्ये बोलावलं. पुस्तकात रोलाचा फोटो होता, नवरीसारखा नटवलेला.

"नाना, हायस्पीड स्टील. जापान का माल. अपने को यही लगाने का."

नानांनी फोटोवर टकटक केली. सवय. मग म्हणाले, "चांगला आहे शेठजी. ड्रिलची पाती ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातला. व्हॅनेडियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम. आत असले कडक कण की झिजायचं नाव घेत नाही. जपान्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मोठमोठ्या पट्टीच्या मिलांत फिनिशिंगला लावला. पण कुठल्या स्टँडला लावायचा म्हणता?"

"पहिल्या. सगळ्यात जास्त मार तिथे बसतो ना? मग सगळ्यात भारी रोल तिथेच पाहिजे."

एका वाक्यात इतका बिनतोड चुकीचा विचार मी परत ऐकला नाही. मी मान डोलावली, कारण मी परचेसला होतो.

नानांनी अर्धा तास समजावलं. हा रोल मानी आहे, त्याला पाणी लागतं: भरपूर, एकसारखं, स्वच्छ, एका क्षणाचाही खंड न पडता. इथे पाणी कुठलं, तर बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. धारेच्या तोंडात क्षार साचून अर्धी भोकं बुजलेली. फिनिशिंगला लावू, आधी तोट्या बदलू, टाकी वाढवू, मग बघू. शेठजी ऐकत होते, पण त्यांचं बोट फोटोवरून फिरत होतं.

"म्हणजे," नाना शेवटी म्हणाले, "रोल जपानचा आणि पाणी टँकरचं."

रोल आले. नानांनी त्यांची पूजा केली, नारळ वाजवून फोडला आणि वहीत नोंद केली. ही वही म्हणजे आमच्या मिलचं गुप्त धन. तिच्यात प्रत्येक रोलाची कुंडली आहे: जन्मतारीख, घेर, कडकपणा, कुठल्या स्टँडला दिला, किती टन काढले, लेथवर किती मिलिमीटर उतरला, आणि शेवटचा रकाना, 'मरणाचं कारण'. झिजून झिजून कमीत कमी घेरापर्यंत पोचलेल्या रोलापुढे 'वार्धक्य'. बेअरिंग जळून गळा, म्हणजे नेक, तुटला तर 'अपघाती'. थंड झालेला माल जबरदस्तीनं आत घातल्यामुळे तुटला तर 'खून', आणि पुढे शिफ्टची वेळ. कडकपणा मोजायला नानांकडे एक जुनं यंत्र आहे: काचेची उभी नळी, तिच्यातून हिऱ्याच्या टोकाची चिमुकली हातोडी रोलावर पडते आणि किती उंच उसळते ते बघायचं. रफिंगचा रोल चाळिशीच्या आसपास उसळतो, फिनिशिंगचा सत्तरीच्या पुढे. आता मोबाइलएवढं यंत्र आलंय, टक् केलं की पडद्यावर आकडा. नाना तेही वापरतात, आणि मग जुन्या नळीनं त्या नव्या यंत्राची परीक्षा घेतात. काकूंच्या पाट्याचा आणि वरवंट्याचा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर आहे. जोडी जमत नाही, असा शेराही आहे.

तर जपानी रोलापुढे 'कुठल्या स्टँडला' ह्या रकान्यात नानांनी लिहिलं: 'पहिल्या. शेठजींच्या इच्छेवरून.'

अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. रोलाच्या खाचेवर ओरखडा नाही. शेठजी रोज सकाळी येऊन त्याच्याकडे बघायचे आणि मग नानांकडे बघायचे. बाराव्या दिवशी रात्री साडेनऊला लाइट गेली. बिलेट अर्धं आत, अर्धं बाहेर, रोल जागच्या जागी, पंप बंद. लाल माल एकाच जागी रोलाला चिकटून बसला. दहा-बारा मिनिटांनी लाइट आली. कोणीतरी घाईघाईनं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला.

मी गेटजवळ होतो. तोफेसारखा आवाज झाला. पत्र्यावरची कबुतरं रात्री उडाली.

नाना घरी जेवत होते. फोन वाजला तेव्हा त्यांनी 'काय झालं' असं विचारलं नाही. "माल आधी काढला की पाणी आधी सोडलं?" एवढंच विचारलं, उत्तर ऐकलं, आणि हात धुतले. काकू म्हणतात, त्या रात्री ते झोपेत दोनदा ओरडले, हिंदीत.

सकाळी दोन तुकड्यांपुढे स्टूल मांडून नाना बसले. हातात भिंग. तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवत होते, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तसे. भोवती सगळी खाती उभी. प्रॉडक्शन म्हणालं, रोलातच दोष होता. रोल कंपनीचा टाय लावलेला मुलगा आला होता, तो म्हणाला, आमच्या कास्टिंगमध्ये दोष नसतो, वापरात दोष आहे. इलेक्ट्रिकलनं लाइटकडे बोट दाखवलं, लाइटवाले तर तिथे नव्हतेच. पंपावरचा पोरगा कोणाकडेच बघत नव्हता. नानांचं बोट खाचेच्या तळाशी एका नखाएवढ्या काळ्या डागापाशी थांबलं. "इथून सुरू झाला," ते म्हणाले. "फायर क्रॅक. बाकी सगळा अंगानं निरोगी होता बिचारा."

"किसकी गलती?" शेठजींनी विचारलं.

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. त्या पोराकडे त्यांनी एकदा बघितलं. "रोलाची नाही, शेठजी," म्हणाले आणि गेले.

दुपारी मी गुपचूप वही उघडली. मला वाटलं होतं 'खून' असेल, वेळेसकट. शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: 'हौस'.

मागच्या वर्षी नानांचा उजवा गुडघा गेला. सत्तरी ओलांडलेला माणूस, उभा जन्म सिमेंटच्या फरशीवर उभा राहिलेला. बदलावा लागणार म्हणाले. मुलगा सुट्टी काढून यायचा होता, तोवर डॉक्टरांकडे मी, काकू आणि नाना. डॉक्टर तरुण, हसतमुख. टेबलावर गुडघ्याचे दोन-तीन नमुने मांडलेले. नानांनी पहिला उचलला आणि वाजवला.

"बेस काय?"

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"धातू कुठला?"

"कोबाल्ट-क्रोम, काका."

"मॉली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हो, मॉलिब्डेनमही असतं त्यात."

"आणि हा खाली पांढरा?"

"ते पॉलिथिलिन. खास प्रकारचं."

नाना खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की काकूंनी पदर सावरला. "म्हणजे फायबर बेअरिंग! वर कडक नेक, खाली नरम बेअरिंग, मध्ये ओलावा. अहो, आमच्या स्टँडात हेच असतं! झिजायचं ते बेअरिंगनं झिजायचं, नेकला धक्का लावायचा नाही. कोणी केलं हे? शहाणा माणूस आहे." पुढची दहा मिनिटं डॉक्टरांना वंगणाबद्दल प्रश्न होते. बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांचा आवाज वाढला.

"तर काका, हा साधा," डॉक्टरांनी आवरतं घेतलं, "आणि हा सोनेरी लेपाचा. महाग आहे, पण झीज कमी. सगळ्यात चांगला म्हणाल तर हाच."

मी डोळे मिटले. मला माहीत होतं.

"कुठल्या स्टँडला लागणार?" नाना म्हणाले.

"म्हणजे?"

मी दुभाष्याचं काम केलं. नाना सकाळी मोती तलावापर्यंत जातात आणि येतात. देवळाच्या चार पायऱ्या. भाजीबाजार. मोसंबी. नाना मान हलवत होते. "रफिंग झालं, फिनिशिंग झालं, डॉक्टर. आता आम्ही कूलिंग बेडवर. साधा घाला. लेप किती मायक्रॉनचा ते तुम्हीही सांगितलं नाहीत."

"सोनेरीच घाला," काकू म्हणाल्या.

नाना वळले.

"बेचाळीस वर्षांत माझ्या अंगावर सोनं चढवलं नाही तुम्ही. दर दिवाळीला रोल आला म्हणून बोनस गेला. गुडघ्याला तरी चढू दे."

बोलणं तिथे संपलं. वरचा रोल केसभर मोठा असतो. घरी आल्यावर नानांनी वही काढली, नवं पान उघडलं, आणि रोल नंबरच्या जागी 'उजवा' लिहून पुढे नोंद केली: 'कोबाल्ट-क्रोम, सोनेरी लेप. काकूंच्या इच्छेवरून.' शेवटचा रकाना रिकामा ठेवला. मला वाटतं तिथे काय लिहावं लागेल ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

ऑपरेशन ठीक झालं. संध्याकाळी मला आत सोडलं तेव्हा ते गुंगीतच होते. पांढऱ्या चादरीवर उजवा हात चाचपडत खाली सरकला, पट्टीपर्यंत पोचला नाही, मग पलंगाच्या लोखंडी दांडीवरच मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा टकटक झाली. सिस्टरनं हात उचलून छातीवर ठेवला.

"पानी छोडा क्या रे?" नाना डोळे मिटूनच म्हणाले.

"काका, अजून चार तास पाणी नाही मिळणार."

नानांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं, सलाइनच्या नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग तोवर मिल बंद ठेवा," म्हणाले आणि पुन्हा झोपले.